पावती नसलेला खर्च

नवऱ्याच्या ऑफिसात मुलांच्या शिक्षणासाठी वर्षाकाठी थोडी रक्कम मिळते. फॉर्म भरायचा, पावत्या टाचायच्या, सही करायची. मुलं शाळेत होती तोवर हे पाच मिनिटांचं काम होतं. शाळेची छापील पावती, तिच्यावर जांभळा शिक्का, की झालं. मुलं घरी शिकायला लागल्यावर तो फॉर्म पहिल्यांदा आला तेव्हा मी उत्साहानं बसले. खोक्यातली बिलं काढली, तारखेनं लावली. पुस्तकं, वाचनालयाची वर्गणी, एका ओळखीच्यांकडून घेतलेलं जुनं सूक्ष्मदर्शक, चित्रकलेचे जाड कागद, प्रिंटरची शाई, थोरलीच्या परीक्षेचं शुल्क. फाइल हातात घेतली की वजन जाणवायचं, आणि ते वजन मला आवडत होतं. फाइल जशी गेली तशीच परत आली. मागोमाग फोनही आला. बोलणारे गृहस्थ अतिशय सौम्य होते, त्यांना बहुधा खरंच वाईट वाटत होतं. ‘‘वहिनी, बिलं सगळी खरी आहेत, दिसतंय मला. पण शाळेची पावती लागते हो. शिक्का नसला की कागद पुढे सरकतच नाही.’’

मी बरं म्हणून फोन ठेवला. रागवावं असं त्यांनी काही केलं नव्हतं. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर शाळा होती, आमचं घर नव्हतं, एवढंच. पण त्या रात्री फाइल पुन्हा चाळताना वेगळीच गोष्ट टोचायला लागली. समजा, त्यांनी सगळी बिलं मंजूर केली असती, अगदी शाईच्या बाटलीपर्यंत. तरी आमच्या घरातला शिक्षणावरचा सर्वांत मोठा खर्च त्या फाइलीत नव्हताच. मुलांना घरी शिकवायचं ठरलं तेव्हा मी नोकरी सोडली. दर महिन्याच्या शेवटी खात्यात जमा होणारी एक रक्कम थांबली. पुस्तकांचा, वर्गांचा, परीक्षांचा सगळा खर्च एकत्र केला तरी तो त्या थांबलेल्या पगाराच्या जवळपासही जात नाही.

त्या खर्चाला पावतीच नाही.

होमस्कूलिंगबद्दल लोक खूप काही विचारतात. मुलांना मित्र कसे मिळतात, परीक्षा कोण घेतं, गणित कोण शिकवतं, मुलं मागे पडणार नाहीत ना. पैशाचं सहसा कुणी विचारत नाही. ज्या अर्थी ही माणसं असं करू शकतात त्या अर्थी त्यांना परवडत असणार, असं गृहीत धरलेलं असतं. गंमत म्हणजे घरशाळावाल्या पालकांच्या बैठकांतही हा विषय निघत नाही. कुठली पुस्तकं चांगली, कुठला ऑनलाइन वर्ग, इतिहास कालक्रमानं शिकवावा की गोष्टींतून, यावर तास न् तास बोलणं होतं. अशाच एका बैठकीत कोपऱ्यात बसलेल्या एका बाईनं विचारलं, ‘‘हे सगळं करताना घर कसं चालतं?’’ सगळे एकदम गप्प झाले, कुणीतरी विषय बदलला. ती एकटी कमावणारी होती. पहाटे ऑनलाइन काम, मग मुलाचा अभ्यास, दुपारी पुन्हा काम. मुलाला शाळेतल्या गोंगाटानं झटके येत म्हणून तिनं त्याला घरी आणलं होतं. तिच्यासाठी होमस्कूलिंग ही आवड नव्हती, त्या क्षणी शिल्लक राहिलेली एकमेव वाट होती. मी नंतर तिच्याशी खूप वेळ बोलत बसले, आणि घरी आल्यावर जगात कुठे कोण या वाटेवरच्या माणसांना मदत करतं, ते शोधत बसले. ते शोधणं अजून थांबलेलं नाही.

पहिली गोष्ट कळली ती अशी की, जगात बहुतेक ठिकाणी शिक्षणाचा सरकारी पैसा मुलाला मिळत नाही, शाळेला मिळतो. मूल शाळेच्या पटावर असतं म्हणून पैसा तिथे जातो, आणि ते पटावरून उतरलं की पैसाही उतरतो. भारतात शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या असतात आणि त्यांची प्रतिपूर्ती सरकार करतं, पण शाळेला. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत सूट मिळते ती शाळा-कॉलेजला भरलेल्या शिकवणी शुल्कावर, घरी आणलेल्या पुस्तकांवर नाही. इंग्लंडमध्ये घरी शिकवण्याचा हक्क कायद्यात स्पष्ट आहे. मुलाला शाळेत किंवा ‘अन्य मार्गानं’ योग्य शिक्षण मिळावं, असं १९९६च्या शिक्षण कायद्याचं सातवं कलम म्हणतं आणि त्या ‘अन्य मार्गां’त घर बसतं. पण हा मार्ग निवडणाऱ्यांनी परीक्षेच्या शुल्कासह सगळा आर्थिक भार आपणच उचलायचा, हेही तिथलं सरकारी मार्गदर्शन तितक्याच स्पष्टपणे सांगतं. हक्क आहे, पैसा नाही. निदान गोलमाल तरी नाही, हे मला त्यातल्या त्यात बरं वाटतं.

परीक्षेच्या शुल्काबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण नव्या पालकांच्या हिशेबात ते हमखास सुटतं. लहान मुलाला घरी शिकवणं खरंच स्वस्त असतं. मातीत हात घालायला, ढग बघायला, मोठ्यानं वाचून दाखवायला फारसे पैसे लागत नाहीत. मूल बारा-तेरा वर्षांचं झालं की चित्र बदलतं. प्रयोगशाळा हवी, एखाद्या विषयाला जाणकार शिक्षक हवा, आणि मग दारात परीक्षा उभी राहते. इंग्लंडमधल्या मुलाला जीसीएसईला, म्हणजे तिथल्या दहावीसारख्या परीक्षेला, खासगी परीक्षार्थी म्हणून बसायचं तर आधी त्याला बसू देणारं केंद्र शोधावं लागतं, आणि पैसे प्रत्येक विषयाचे वेगळे. ज्या विषयांत शाळेतच करायचं काम गुणांत धरलेलं असतं त्यांची वाट आणखी बिकट, म्हणून बरीच घरं निव्वळ लेखी परीक्षेवर भागणाऱ्या आयजीसीएसईकडे, म्हणजे तिच्याच आंतरराष्ट्रीय आवृत्तीकडे, वळतात. भारतातल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची, रचना या बाबतीत मला फार माणुसकीची वाटते. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षं चालते, त्यात नऊ वेळा परीक्षेला बसता येतं, विषय एकेक करून सोडवता येतात, सुटलेल्या विषयाचे गुण जमा राहतात. मुलींना, अनुसूचित जाती-जमातींतल्या आणि अपंग विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत आहे. वर्ष वाया जाणं ही शाळेत केवढी मोठी शिक्षा असते! इथे पैसे जमतील तसा एकेक विषय देता येतो. याला कुणी अर्थसाहाय्य म्हणत नाही, पण ज्या घरात पैसा तुकड्यातुकड्यानं येतो त्या घराला हीच मदत सर्वांत जास्त उपयोगी पडते.

मग अमेरिका. तिथे मात्र गेल्या पंधराएक वर्षांत पैशाचा प्रवाह खरोखर वळू लागला आहे. अ‍ॅरिझोना राज्यानं २०११ मध्ये आधी अपंग मुलांसाठी एक खातं सुरू केलं. मूल सरकारी शाळेत गेलं असतं तर राज्यानं त्याच्यावर जे खर्च केलं असतं त्याचा मोठा भाग त्या खात्यात जमा होतो, आणि आईबाप तो शिकवणी, पुस्तकं, उपचार, ऑनलाइन वर्ग यांवर खर्च करू शकतात. २०२२ मध्ये ते राज्यातल्या सगळ्याच मुलांना खुलं झालं. एका सर्वसाधारण मुलाला वर्षाला साधारण ७,००० डॉलर. आधी १२ हजारांच्या घरात असलेली लाभार्थी मुलं दोन वर्षांत ७० हजारांच्या पुढे गेली. वेस्ट व्हर्जिनियानं २०२१ मध्ये, फ्लोरिडानं २०२३ मध्ये आपापल्या तऱ्हेचं असंच काही आणलं. २०२५ मध्ये टेक्सासनं कायदा केला. त्यात खासगी शाळेत जाणाऱ्या मुलाला सुमारे १०,००० डॉलर आणि घरी शिकणाऱ्याला जास्तीत जास्त २,०००. हे आकडे मी बराच वेळ बघत बसले होते. तेच राज्य, तेच वय, कदाचित तीच गल्ली. फरक इतकाच की एकाला शिकवणाऱ्याला पगार मिळतो आणि दुसऱ्याला शिकवणारी त्याची आई आहे.

या योजनांना एक अट चिकटलेली असते आणि ती वाचल्याशिवाय कुणी सही करू नये. अ‍ॅरिझोनात हे खातं घेतलं की कायद्याच्या दृष्टीनं तुम्ही होमस्कूलर राहत नाही. होमस्कूलिंगसाठी जे प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं ते आणि हे खातं एका मुलाच्या नावावर एकाच वेळी ठेवता येत नाही. घर तेच, टेबल तेच, आई तीच, पण कागदावर तुम्ही राज्याशी करार केलेले पालक. फ्लोरिडात या वाटेनं जाणाऱ्या मुलाला दरवर्षी एक प्रमाणित चाचणी द्यावी लागते आणि शिक्षणाचा आराखडा सादर करावा लागतो. शिवाय काय विकत घेतलं याचा हिशेब. अ‍ॅरिझोनात कुणी या पैशातून लेगोचे संच घेतले म्हणून वर्तमानपत्रांत मोठा गदारोळ झाला होता. मला त्या गदारोळात दोन्ही बाजूंचं पटत होतं. करदात्याचा पैसा आहे, विचारणारच. पण सात वर्षांच्या मुलाला गुणोत्तर शिकवायला त्या ठोकळ्यांइतकं चांगलं साधन मीही पाहिलेलं नाही, आणि तेच ठोकळे शाळेच्या प्रयोगशाळेत असते तर ते शैक्षणिक साहित्य म्हणून गणले गेले असते. घरातल्या वस्तूच्या अंगावर ती शिक्षणासाठी आहे की खेळण्यासाठी, असं लिहिलेलं नसतं. घरी शिकणाऱ्या मुलाच्या दिवसावरही ते लिहिलेलं नसतं.

म्हणूनच बरेच जुने होमस्कूलर सरकारी पैशाला हात लावायला तयार नाहीत. अमेरिकेतली १९८३ मध्ये स्थापन झालेली, घरी शिकवणाऱ्यांचे खटले लढणारी एचएसएलडीए ही संस्था वर्षानुवर्षं हेच सांगत आली आहे: पैशाच्या मागून नियम येतात. ज्या पिढीनं घरी शिकवण्याच्या हक्कासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढल्या तिला हे वाटणं मी समजू शकते. जर्मनीत तर आजही शाळेत जाणं सक्तीचं आहे, आणि मुलांना घरी शिकवणाऱ्या एका कुटुंबाविरुद्ध तिथल्या सरकारनं उचललेलं पाऊल युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं २०१९ मध्ये योग्य ठरवलं. असं जग पाहिलेल्या माणसाला अनुदानाचा अर्ज म्हणजे दाराची किल्ली देऊन टाकण्यासारखा वाटत असेल. माझ्या ओळखीचं एक जोडपं याच मताचं आहे. ‘‘आज ते पैसे देतील, उद्या पुस्तकांची यादी देतील,’’ असं त्यातला नवरा म्हणतो. त्यांच्या घरी दोघांचाही कामधंदा घरूनच चालतो, आणि पैसा नाकारण्याइतका त्यांच्याकडे आहे. मी हे त्यांना तोंडावर सांगितलं आहे. त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही, पण मान्यही केलं नाही.

मला स्वतःला कॅनडातल्या आल्बर्टाची पद्धत बरीच समजूतदार वाटते. तिथे दोन वाटा आहेत. एका वाटेनं गेलात तर शाळा मंडळाच्या देखरेखीखाली शिकवायचं. मंडळाकडचे शिक्षक वर्षातून निदान दोनदा मुलाची प्रगती बघतात, आणि मंडळाला मिळणाऱ्या रकमेतला किमान निम्मा भाग पालकांना शैक्षणिक खर्चापोटी द्यावा लागतो. ही रक्कम होते वर्षाला साडेआठशे-नऊशे कॅनेडियन डॉलरच्या आसपास. दुसऱ्या वाटेनं गेलात तर सरकारला कळवायचं, आराखडा द्यायचा, देखरेख नाही आणि पैसाही नाही. काय घ्यायचं, त्याबदल्यात काय द्यायचं, हे आधीच उघड. वर्षातून दोनदा कुणी जाणत्या माणसानं घरी येऊन माझ्या मुलाशी गप्पा माराव्यात, त्याच्या वह्या बघाव्यात, याची मला भीती वाटत नाही. खरं सांगायचं तर एकटीनं शिकवताना अशा माणसाची मी वाट बघितली आहे. भीती वाटते ती मुलाला न भेटता नुसत्या बिलावरून निर्णय देणाऱ्याची.

वस्तूंपलीकडे बघणारा एकच देश माझ्या शोधात सापडला, तो न्यूझीलंड. तिथे शाळेतून सूट घेऊन घरी शिकवणाऱ्या पालकांना सरकार वर्षातून दोन हप्त्यांत भत्ता देतं. अनेक वर्षं पहिल्या मुलासाठी तो ७४३ न्यूझीलंड डॉलर होता, पुढच्या मुलांना उतरत्या क्रमानं. रक्कम लहान आहे, त्यात घर चालणार नाही. पण तो भत्ता मुलावर देखरेख ठेवण्याबद्दल आहे आणि बिलं जोडावी लागत नाहीत. आम्ही अजून शिकवतो आहोत, असं लिहून द्यायचं, की पैसे येतात. हे वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते, आणि का कोण जाणे, डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी, कितीही थोडं का होईना, वेळेचे पैसे देत होतं.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये नोंदणी केलेल्या, सातवी ते बारावीच्या वयाच्या मुलांच्या पालकांना पाठ्यपुस्तकांचा भत्ता थेट मिळतो. अमेरिकेत इंडियाना राज्यात खासगी शाळेतल्या किंवा घरी शिकणाऱ्या प्रत्येक मुलामागे करपात्र उत्पन्नातून १,००० डॉलर वजा करता येतात. आणि २०१७ मध्ये एक मोठी सवलत अगदी हाताशी येऊन निसटली. मुलांच्या शिक्षणासाठी करमुक्त बचत करायची जी खाती तिथे आहेत त्यांतून शालेय वयातल्या मुलांसाठीही पैसे काढता यावेत अशी तरतूद त्या वर्षीच्या करकायद्यात आली. मसुद्यात होमस्कूलिंग होतं, पण अंतिम टप्प्यात सिनेटच्या कामकाजाच्या नियमावर बोट ठेवून ते काढलं गेलं आणि त्या वेळी फक्त शाळेची फी उरली. कर-सवलतीचा सगळा मामला मला तसाही एकांगी वाटतो. ज्याचं उत्पन्न कराइतकं आहे त्यालाच सवलतीचा उपयोग. त्या बैठकीत प्रश्न विचारणाऱ्या बाईला करच लागत नव्हता, तर त्यातून काय वजा करणार?

तिची आणखी एक अडचण होती, आणि ती बहुतेक सगळ्या योजनांना लागू पडते. आधी पैसे भरा, मग पावती द्या, मग आम्ही परत करू. ज्याच्याकडे आधी भरायला पैसे आहेत त्याच्यासाठी ही मदत आहे. ज्याच्याकडे नाहीत त्याला मदत कळते, दिसते, पण मिळत नाही. अर्ज भरायलाही निवांत वेळ लागतो, इंटरनेट लागतं, सरकारी भाषा वाचण्याची सवय लागते. अमेरिकी जनगणना विभागाच्या पाहणीत २०२०च्या वसंतात शाळकरी मुलं असलेल्या ५.४ टक्के घरांतली मुलं घरी शिकत होती, त्याच वर्षाच्या शरदात ११.१ टक्के. कृष्णवर्णीय कुटुंबांत हे प्रमाण ३.३ वरून १६.१ टक्क्यांवर गेलं. ही काही सगळी निवांत, सुखवस्तू घरं नव्हती. शाळा बंद होत्या, पडद्यावरचे वर्ग जमत नव्हते, आणि कित्येकांना पहिल्यांदाच आपलं मूल जवळून शिकताना दिसलं. त्यातल्या किती जणांना ते पुढे परवडलं असेल, हा विचार मला सोडत नाही.

दुसरी बाजूही मी मनातून काढू शकत नाही. माझी थोरली शाळेत होती तेव्हा तिच्या वर्गात एक मुलगा होता, ज्याला दिवसातलं एकमेव पोटभर जेवण शाळेत मिळायचं. त्याच्या घरी त्याला शिकवायला कुणी बसणार नव्हतं, बसू शकणारही नव्हतं. शाळेचा पैसा प्रत्येक मुलाबरोबर बाहेर पडू लागला तर त्या मुलाच्या शाळेत काय उरेल? छप्पर, दिवे, शिक्षक यांचा खर्च दोन मुलं कमी झाली म्हणून दोन मुलांइतका कमी होत नाही. होमस्कूलिंगला मदत हवी, असं मी म्हणते तेव्हा तो मुलगा मला दिसतो. मग मी मनातल्या मनात मागणी बदलत जाते. सरसकट सगळ्यांना रक्कम देण्याऐवजी आधी अपंग आणि आजारी मुलांच्या घरांना द्या, एकट्या पालकांना द्या. आमच्यासारख्यांना शाळेची प्रयोगशाळा दुपारनंतर वापरू द्या, शाळेच्या केंद्रावर परीक्षेला बसू द्या, शाळेच्या वाचनालयाचं कार्ड द्या. इंग्लंडमध्ये चौदा ते सोळा वयाच्या घरी शिकणाऱ्या मुलांना काही महाविद्यालयं सरकारी खर्चानं अर्धवेळ प्रवेश देतात. यात शाळेकडून कुणी काही हिरावून घेत नाही. अशा दारांना फार पैसे लागत नाहीत, उघडणारा लागतो.

सरकार सोडून जे आहे त्यावर आम्ही आजवर निभावलं, हेही सांगायला हवं. सार्वजनिक वाचनालय हे आमच्या घराचं सर्वांत मोठं अनुदान. प्रोजेक्ट गुटेनबर्ग १९७१पासून जुनी पुस्तकं फुकट देत आलं आहे, लिब्रिव्हॉक्सवर त्यांतलीच कित्येक ऐकता येतात, खान अकॅडमीवर बेरजेपासून कलनापर्यंत गणित आहे, ओपनस्टॅक्सची महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकं उतरवून घेता येतात, एनसीईआरटीची सगळी पुस्तकं मोफत वाचता येतात. हे सगळं माझ्या लहानपणी असतं तर, असं वाटून कधीकधी हेवा वाटतो मुलांचा. पालकांच्या गटात आम्ही एकमेकांचे तास वाटून घेतो. एक बाबा रसायनशास्त्र घेतात, मी भाषा घेते, एक आजी शिवणकामातून भूमिती शिकवतात आणि त्यांच्याइतकी नेमकी भूमिती मी कुठे पाहिलेली नाही. थोरल्यांची पुस्तकं धाकट्यांकडे जातात, त्यांच्याकडून आणखी धाकट्यांकडे. गरजू घरांसाठी धर्मादाय निधीही असतात. ती एचएसएलडीए सरकारी पैशाला विरोध करते, पण अडचणीत सापडलेल्या घरांना, विधवांना, एकट्या पालकांना आपल्या धर्मादाय शाखेतून मदत देते. घेणाऱ्याला संकोच वाटतो, अर्जात आपली अडचण उलगडून सांगावी लागते. त्या बाईनं तसा एक अर्ज एका संस्थेकडे केला, मी तो लिहायला मदत केली. तिनं वाक्यं कमी करत करत शेवटी तीन ओळी ठेवल्या. मंजूर झाला. त्या पैशातून मुलाच्या वर्षभराच्या उपचारांची सोय झाली.

पण पुन्हा तेच. उपचार, पुस्तकं, वर्ग. त्या बाईच्या पहाटेच्या झोपेचं कुणी काही दिलं नाही.

हा प्रश्न मला आता म्हातारपणाच्या बाजूनं दिसतो. पगार थांबतो तेव्हा नुसता त्या महिन्याचा पैसा थांबत नाही. भविष्य निर्वाह निधी थांबतो, बढती थांबते, निवृत्तिवेतनाची वर्षं मोजायची थांबतात. मुलं मोठी होऊन निघून जातील, त्यांचं शिक्षण त्यांच्याबरोबर जाईल, आणि शिकवणाऱ्याच्या खात्यातला खड्डा मागे राहील. ब्रिटनमध्ये याची अर्धी का होईना दखल आहे. बालभत्त्यासाठी दावा करणाऱ्या आणि नोकरीत नसलेल्या पालकाला, मूल बारा वर्षांचं होईपर्यंत, सरकारी निवृत्तिवेतनात मोजली जाणारी वर्षं आपोआप जमा होत जातात. मूल शाळेत जातं की घरी शिकतं, याचा त्यात प्रश्नच नाही. माझ्या मते घरशाळावाल्यांच्या संघटनांनी लेगोवरून भांडण्याऐवजी हे मागायला हवं: बाराच्या ऐवजी अठरापर्यंत आणि जिथे हे नाहीच तिथे निदान सुरुवात. घरी शिकवणं बाराव्या वर्षी संपत नाही, तिथे तर ते अवघड व्हायला लागतं. आणि यात कुणाच्या पुस्तकांची यादी तपासावी लागत नाही, शाळेच्या तिजोरीतून मुलामागे रक्कम काढावी लागत नाही.

आता कुणी नवं जोडपं विचारायला आलं की मी आधी पुस्तकांचं बोलतच नाही. ती येतात तेव्हा त्यांच्या हातात अभ्यासक्रमांच्या किमतींची यादी असते. मी विचारते, नोकरी कोण सोडणार? बहुतेक वेळा दोघंही क्षणभर एकमेकांकडे बघतात आणि मग ती म्हणते, ‘‘मीच.’’ मग मी म्हणते, तर आधी तिच्या नावानं एक खातं उघडा. दर महिन्याला त्यात ठरलेली रक्कम गेली पाहिजे, मुलांच्या पुस्तकांच्याही आधी. मुलांच्या परीक्षेचं शुल्क केव्हा येणार ते आजच कॅलेंडरवर लिहा आणि त्यासाठी वेगळं बाजूला टाका. आजारपणाचा विमा तिच्या नोकरीतून होता का ते बघा. राज्याची, देशाची कुठली योजना असेल तर अर्जाआधी अटी पूर्ण वाचा आणि कुठल्या अटी आपल्याला चालणार नाहीत ते दोघांनी मिळून ठरवा. काही नवरे हे ऐकताना अस्वस्थ होतात, काहींच्या चेहऱ्यावर सुटका दिसते. एकानं विचारलं होतं, किती टाकायची रक्कम? मी म्हटलं, तिचा शेवटचा पगार लिहा आणि तिथून खाली या, शून्यापासून वर जाऊ नका.

आमच्या घरात हे खातं उशिरा उघडलं गेलं, ऑफिसातून ती फाइल परत आल्यानंतर. नवऱ्यानंच विषय काढला. पहिली रक्कम त्याला जमेल अशी होती, मला हवी होती तेवढी नव्हती, आणि आम्ही दोघंही ते जाणून होतो. दरवर्षी ती थोडी वाढवायची असं ठरलं आहे. यंदा थोरलीच्या शेवटच्या विषयांचं शुल्क आणि धाकट्याच्या विज्ञानाच्या वर्गाची फी एकाच महिन्यात आली आहे. वाढ यंदाच करायची, यावर मी ठाम आहे. ती कशातून कापायची, यावर आमचं बोलणं चालू आहे.